चाकूसाठी स्थळ

लग्नाचा तिसरा दिवस होता, नखांतली हळद अजून गेली नव्हती, आणि भिकुबाईंनी नव्या सुनेला ओट्यापाशी बोलावून बजावलं होतं, "दख काजल, या घरमा दोन चीजेसले इचारल्याबिगर हात लावू नको. एक मन्हा मिरचीना डबा, नि दुसरी नानासनी पेटी."

काजल तेव्हा गालात हसली होती. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. सासूच्या मिरचीशी तिला काही करायचं नव्हतं आणि सासऱ्यांच्या पेटीत तर म्हणे जुने चाकू आणि मोडीतली नाणी. म्हातारी माणसं काहीतरी जमवतातच. तळोद्याला तिच्या माहेरी आजोबांनी जुनी पंचांगं जमवली होती, ती शेवटी वाळवीने वाचली. तेव्हा "हो जिजी" म्हणून तिने तो इशारा या कानाने घेतला, त्या कानाने सोडला.

आता नानांची पेटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाना म्हणजे हिंमतराव. लोणखेड्यात सहा एकर केळी होती, पण नाना केळीत रमले नाहीत. "शेतमा कोन बोलस? गाडीमा पन्नास मानसं बोलतस," असं म्हणून त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली, ती थेट रिटायर होईपर्यंत. त्यांतली वीस वर्षं शहादा-नवापूर गाडीवर. मशीन येण्याआधी कंडक्टरकडे तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, आत लहान लहान खण, प्रत्येक खणात वेगळ्या दराच्या तिकिटांचा गठ्ठा. मशीन आलं आणि पेट्या भंगारात निघाल्या. नानांनी साहेबांना हात जोडून आपली पेटी मागून घेतली. त्या पेटीच्या तेवीस खणांत आता तेवीस घडीचे चाकू उभे होते आणि प्रत्येक चाकूच्या पायाशी एक जुनं नाणं.

नाण्यांचंही कारण होतं. चाकू फुकट घेतला तर देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं कापलं जातं, अशी नानांची पक्की समजूत. म्हणून चाकू हातातून हातात घ्यायचा नाही. देणाऱ्याने तो जमिनीवर ठेवायचा, घेणाऱ्याने शेजारी नाणं ठेवायचं, मग ज्याने त्याने आपापलं उचलायचं. नाना शेवटी कंडक्टर. एक नाणं देणाऱ्याला आणि तसंच दुसरं आपल्या खणात, हिशेब तिकिटासारखा. कुठल्याही चाकूवर चिठ्ठी नव्हती. भोकाचा पैसा दिसला की नाना सांगायचे, हा विसरवाडीच्या भाजीवाल्याचा. सहा कोनांचे तीन पैसे म्हणजे सारंगखेड्याच्या जत्रेतल्या घोडेवाल्याचा. पिवळे वीस पैसे, कमळाचे, म्हणजे खांडबाऱ्याच्या न्हाव्याचा.

हे सगळं ठीक होतं. मग खुशाली झाली.

खुशाली बावीस महिन्यांची होईपर्यंत काजलने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज लावला होता, प्लगच्या भोकांवर पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि बाथरूमची बादली रिकामी करूनच ती झोपायला जायची. झोपेतही तिचा एक कान पहाऱ्यावर असायचा. नवरा हेमकांत सुरतेला कंपनीत नोकरीला, पंधरा दिवसांनी येणारा, त्यामुळे दोघांच्या वाट्याची काळजी ती एकटीच करायची. अशा काजलने एका दुपारी पाहिलं, की नाना झोपाळ्यावर घोरताहेत आणि त्यांच्या पोटावर बसून खुशाली शिंगाच्या मुठीचा चाकू लॉलीपॉपसारखा चोखतेय.

"नाना!"

नाना दचकून उठले. "काय व्हयनं?"

"चाकू आहे तिच्या तोंडात!"

"बंद शे ना तो. तिले कोठे उघाडता येस?"

"आणि शिकली तर?"

नानांनी नातीकडे कौतुकाने पाहिलं. "शिकनी त हुशार शे म्हणू."

काजलने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा नानांनी पेटीला कुलूप लावलं आणि चावी खुशालीला खेळायला दिली. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "काजल बेटा, मन्हा बापना घरमा विळा, कोयता, कुऱ्हाड सगळं भुईवर पडेल ऱ्हाये. आम्ही सात भाऊ. मोजी ले, सातना सात शेतस." काजलच्या मनात आलं, सातांतल्या एका काकांना डाव्या हाताला चारच बोटं आहेत. पण सासऱ्यांना कोण सांगणार?

वैशाखात नाना आणि जिजी भाचीच्या लग्नाला तीन दिवस बारडोलीला गेले. घरात काजल आणि खुशाली दोघीच. खुशाली झोपल्यावर काजलने चटकन चिकटणाऱ्या गोंदाची नळी घेतली, दात कोरायच्या काड्या घेतल्या आणि पेटीसमोर मांडी घातली. कॉलेजात टायट्रेशन करताना तिने कधी एक थेंब जास्त पडू दिला नव्हता. पात्याच्या बुडाशी एक थेंब, टोकाशी काही नाही; पुसलं, दाबलं, पुढचा. तेवीस चाकू, तेवीस थेंब. मधे एकदा अंगठा खांडबाऱ्याच्या न्हाव्याच्या चाकूला चिकटला आणि वीस मिनिटं ती तशीच बसून राहिली, पण ते सोडलं तर काम सफाईने झालं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. नाना चाकू रोज पाहायचे, नाण्यांवरून बोट फिरवायचे, पण उघडून तेल द्यायचे ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. खंडेनवमीपर्यंत खुशालीला समजावता येईल, नाहीतर आपल्याला काहीतरी सुचेल, असा काजलचा विचार.

चार महिने ती निवांत झोपली. म्हणजे तिच्या मानाने निवांत.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी नानांचा फोन वाजला. नाना फोन नेहमी स्पीकरवर टाकून, तळहातावर प्रसाद घेतल्यासारखा धरून बोलायचे.

"कंडक्टर, जिवंत आहेस का?"

"शे ना. तू, डायवर?"

हे स्टीफन. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून डोंगरात त्यांचं गाव. वीस वर्षं नानांची गाडी त्यांनीच चालवली होती. वीस वर्षं एक जण पुढे बघत आणि एक जण मागे बघत, अशी त्यांची दोस्ती. या स्टीफनमामांकडे त्यांच्या वडिलांचा एक चाकू होता. ट्रकच्या स्प्रिंगपाट्याचं पातं, सागाची मूठ, डोंगरातल्या काठी गावच्या एका लोहाराने घडवलेला. नानांनी तो एकदाच पाहिला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, बंद पडलेल्या गाडीच्या सावलीत पपई कापताना. तेव्हापासून नाना तो मागत होते आणि मामा "बघू, बघू" म्हणत होते. पेटीतले खण भरले होते, म्हणून नानांनी त्या चाकूसाठी भिंतीवरच्या मधल्या फळीवर मखमलीचा तुकडा अंथरून ठेवला होता.

"रविवारी येतो," मामा म्हणाले. "बापाचा चाकू घेऊन."

नाना झोपाळ्यावरून उठून उभे राहिले.

"पण ऐक. आधी मी घर बघणार. तुझे सगळे चाकू बघणार, एकेक उघडून. माझ्या बापाचा चाकू कुठल्या मंडळींत जाणार, ते मला कळलं पाहिजे. पटलं नाही तर परत घेऊन जाईन. राग मानायचा नाही."

"नही मानाव, ये त खरं!" नानांनी फोन ठेवला आणि ओरडले, "अवं, रविवारले पोहे कर! नही, शिरा. दोन्ही कर!"

"माले दखाले उनथात तवय नुसता चहा व्हता," स्वयंपाकघरातून जिजी म्हणाल्या.

काजल दारात उभी होती. तिच्या कानात एकच शब्द घुमत राहिला. उघडून. एकेक उघडून.

शुक्रवारी सकाळी ती मिथुनच्या जनरल स्टोअरमध्ये गेली. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोनने तो गोंद विरघळतो, एवढी केमिस्ट्री तिच्या लक्षात होती.

"किती देऊ वहिनी?" मिथुनने विचारलं.

"किती आहेत?"

"बारा बाटल्या."

"बारा दे."

मिथुनने बाटल्या मोजल्या, तिच्या हातांकडे पाहिलं, मग चपलांतल्या पायांकडे पाहिलं. "वहिनी, सगळी मिळीसन वीस बोटं व्हतस ना?"

बाथरूमचं दार आतून लावून, खुशालीला बाहेर जिजींच्या मांडीवर देऊन, काजलने बादलीत चाकू भिजवले. नाणी तिने आधी काढून घेतली होती आणि कोणतं कुठल्या खणातलं, याचा मोबाइलवर फोटोही काढला होता. असल्या बाबतीत ती हलगर्जी नव्हती. पाहुण्यांसाठी पेटी पुसून लावते, रविवारीच उघडा, असं तिने नानांना सांगून ठेवलं होतं. थोड्या वेळाने बाहेरून नानांचा आवाज आला.

"काजल, मोरीमाथीन दवाखानाना वास ई ऱ्हायना."

"फिनेल आहे, नाना. पाहुणे येणार ना!"

"मोरी बी दखाडनी शे का त्याले?"

संध्याकाळपर्यंत चौदा उघडले. आठ हटून बसले. आणि एक, सारंगखेड्याच्या घोडेवाल्याचा, लाल चकचकीत मुठीचा, नानांचा सगळ्यांत लाडका, तो उघडला खरा, पण त्याची मूठ कसल्याशा जुन्या प्लास्टिकची होती हे काजलच्या लक्षात आलं तेव्हा मुठीचा चघळलेल्या गोळीसारखा लगदा झाला होता. ती बादलीसमोर डोकं धरून बसली. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास!

तिने हेमकांतला फोन लावला.

"नानांना सांगून टाक," तो म्हणाला.

"तू सांग."

"मी सुरतेत आहे."

"फोन सुरतेतून लागतो."

"इथे रेंज नसते गं."

"मग आत्ता माझ्याशी कोण बोलतंय?"

"काजल, त्यांनी पंचवीस वर्षं त्या चाकूची वाट पाहिलीय," हेमकांत म्हणाला. हे तिला माहीत होतं. गोंद लागला, मूठ वितळली, ते एक वेळ माफ होईल. पण रविवारी मामा चाकू घेऊन परत गेले, तर नाना ओरडणार नाहीत, काही बोलणारही नाहीत, आणि मखमलीचा तो तुकडा फळीवर तसाच राहील. रोज झाडताना तो तिलाच दिसेल.

शनिवारी नाना दाढी-कटिंगला गेले. मोरीत बसून काजल पकडीने चाकू ओढत होती, तेवढ्यात दार ढकललं गेलं. कडी लावायची राहिली होती. दारात जिजी.

जिजींनी आठ चाकू पाहिले, पकड पाहिली, बारा रिकाम्या बाटल्या पाहिल्या. काजलने सगळं सांगून टाकलं, एका श्वासात, रडत. जिजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच थेंब लावा व्हता का?"

"एकच, जिजी."

"नि चार महिना धरी बठना?"

"हो."

"कोन्ता गोंद शे तो? मन्हा चष्माले पाहिजे." आणि पदर खोचून त्या उठल्या. "गरम पानी लागी त्याले. कुकर काढ."

आठ चाकू पाण्यासकट कुकरमध्ये गेले. तीन शिट्ट्या. यांतले पाच शिंगाच्या मुठीचे होते, हे दोघींना दुसऱ्या शिट्टीनंतर आठवलं. ज्या घरात तीन पिढ्या अंडं शिरलं नव्हतं, त्या घरातून असा वास सुटला, की शेजारचा कुत्रा येऊन पायरीवर बसला. नेमके तेव्हाच नाना गुळगुळीत दाढी करून आले.

"काय शिजी ऱ्हायनं?"

"चन्यानी दाय," जिजी म्हणाल्या. "खवट निंघनी."

नाना वास घेत दोन मिनिटं उभे राहिले, मग लांब जाऊन झोपाळ्यावर बसले. रात्री जेवताना त्यांनी डाळ वाढून घेतली नाही. पण आठही उघडले. काजलने ते पुसले, तेल लावलं, फोटो बघून खणांत बसवले, लाल मुठीचा पार मागच्या कोपऱ्यात ठेवला. मग नाण्यांची वाटी आणायला गेली, तर जिजी वाटी घेऊन स्वतःच आल्या.

"ले. तुन्हं काम हलकं करं."

वाटीत तेवीस नाणी देवघरातल्या समईसारखी झळकत होती. जिजींनी चिंच आणि मीठ लावून, वर राखुंडीचा हात फिरवून, एकेक नाणं घासलं होतं.

"जिजी, पेटीला हात लावायचा नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतं!"

"मी पेटीले कोठे हात लावा? नाना वाटीमा व्हतात." म्हणजे नाणी. सासरे नव्हेत. "पाहुना येनार, नि काळीठिक्कर नानी काय दखाडशी?"

रविवारी दहाच्या गाडीने स्टीफनमामा उतरले. उंच, काटक, पांढराशुभ्र शर्ट, आणि घरात शिरतानाही आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहायची ड्रायव्हरची सवय. खिशात रुमालाची पुरचुंडी. नानांची नजर त्या खिशावरून हलेना. मामांनी घर पाहिलं, टेबलाच्या कोपऱ्यांचे स्पंज दाबून पाहिले. "गाडीला असे पाहिजे होते," म्हणाले. शिरा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि तेवढा वेळ नाना चमचा हवेत धरून थांबले. पोहे झाले, चहा झाला. मग मामांनी दुसऱ्या रुमालाने मिशा पुसल्या.

"हं. दाखवा."

काजल पेटी घेऊन आली. ओढणी दोन्ही खांद्यांवरून, मान खाली. पूर्वी असंच एकदा ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली होती, पण तेव्हा तिने काही चिकटवलं नव्हतं. नानांनी कुलूप काढलं, झाकण उघडलं, आणि खिडकीतलं ऊन पेटीत पडलं.

मामांनी डोळ्यांपुढे हात धरला.

"कंडक्टर, हे काय, आत्ताच टांकसाळीतून आली का?"

नाना वाकले. त्यांनी भोकाचा पैसा उचलला, पालथा केला, सुलटा केला. तो उदबत्तीच्या घरासारखा लखलखत होता.

"या पैशावर पन्नास वर्षांच्या हातांचा काळा रंग होता," मामा म्हणाले. "तू मला दाखवायचास. म्हणायचास, डायवर, हा रंग बाजारात मिळत नाही. कुठे गेला?" त्यांनी एक शिंगाचा चाकू उचलला, उघडला, नाकाशी नेला. "याला रश्शाचा वास येतोय." मग मागच्या कोपऱ्यात हात घातला. "आणि हा? हा काय गुळाचा आहे?"

शेवटची गाडी सुटल्यावर स्टँडवर उरलेल्या माणसासारखे नाना नुसते उभे राहिले. मामांनी खिशावर हात ठेवला, पुरचुंडी आत ढकलली आणि पिशवी उचलली.

"मी सांगितलं होतं, राग मानायचा नाही. माझ्या बापाला मी इथे नाही ठेवू शकत, हिंमत."

"बरोबर शे," नाना म्हणाले. त्यांनी अडवलं नाही, कारण विचारलं नाही, सफाई दिली नाही. मित्राला दारापर्यंत पोचवायला चपला शोधू लागले. समोर होत्या, तरी त्यांना त्या सापडत नव्हत्या.

ते काजलला बघवेना.

"मामा, थांबा. नानांनी काही केलं नाही. मी केलं."

आणि तिने सगळं सांगितलं. गोंद, तेवीस थेंब, बारा बाटल्या, कुकर. नाणी घासल्याचंही ती स्वतःवर घेणार होती, पण जिजी मधेच म्हणाल्या, "नानी मी घासात. चांगलीच घासात." तोवर खुशाली पेटीकडे निघाली होती. काजलने बोलता बोलता तिला कमरेवर उचललं.

"कसाले चिकाडात?" नानांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"हिच्यासाठी."

"माले सांगनं व्हतं ना, बेटा."

"सांगितलं होतं, नाना. तीन वेळा."

नाना सुनेकडे बघत राहिले. मग नातीकडे. खुशालीच्या तोंडात ओढणीचं टोक होतं आणि नजर मात्र सगळ्यांत लांब पात्यावर.

"सांगं व्हतं," नाना सावकाश म्हणाले. "मी ऐकं नही." आणि ते झोपाळ्यावर बसले.

मामा अजून पिशवी धरूनच उभे होते. त्यांचे खांदे हलायला लागले, मग मिशा, मग सगळा माणूस. हसता हसता ते खुर्चीत बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. "कंडक्टर! तेवीसच्या तेवीस! आणि तुला चार महिने पत्ता नाही!" मग एकाएकी त्यांचं हसू थांबलं. त्यांनी काजलकडे पाहिलं.

"पोरी, ते बाटलीतलं उरलंय का थोडं?"

त्यांनी पुरचुंडी काढून जमिनीवर ठेवली आणि सोडली. सागाची काळपट मूठ, पितळेच्या तीन चुका. पातं अर्धं आत, अर्धं बाहेर, झोपमोड झालेल्या डोळ्यासारखं.

"उघडत नाही," मामा म्हणाले. "मिटतही नाही. बाप गेला त्या पावसाळ्यात गंज धरला. वीस वर्षं झाली."

"वीस वरीस!" नाना झोपाळ्यावरून उठले. "नि तू माले 'बघू, बघू' सांगस?"

"मग काय करू? तू खंडेनवमीला तेवीस चाकू टकाटक उघडणार, आणि त्यांत माझ्या बापाचा असा? लाज वाटायची. तुझी रूथवहिनी मागे लागली, आता तरी दे, म्हणून आलो. म्हटलं घर बघायचं निमित्त करू, काहीतरी खोट काढू आणि परत नेऊ."

"म्हंजे तू नकार दियालेच उनथा!"

"शिरा खायला पण आलो होतो."

पंचवीस वर्षांची दोस्ती तिथे पंचवीस मिनिटं भांडली. जुन्या सगळ्या गोष्टी निघाल्या, बंद पडलेल्या गाड्या, चुकलेला घंटीचा इशारा, विसरवाडीला मागे राहिलेली म्हातारी. भांडता भांडताच दोघे जमिनीवर बसले आणि चाकूवर उरलेले चार थेंब टाकून झाले. गंजापुढे नेलपॉलिशच्या पाण्याचं काय चालणार? जिजी कुकर घेऊन आल्या, तर मामा चाकूवर आडवे पडले. "वहिनी, माझ्या बापाला शिजवू नका!" मग डिझेल झालं, खोबरेल झालं. पातं जागचं हललं नाही.

"काठीकडे त्या लोहाराचा नातू आहे," शेवटी मामा म्हणाले. "उदेसिंग. तो मोडल्याशिवाय सोडवेल. ज्याच्या घरात घडला, त्याच्याच हाताने उघडू दे."

"मग सकायलेच निंघू."

"उघडला तर नाणं ठेव आणि घे. स्थळ पसंत आहे."

"माणसं पसंत आहेत की चाकू?" काजलने विचारलं. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, की आपण बोललो.

"माणसं," मामा म्हणाले. "चाकूंचा आधी आंघोळीचा वास जाऊ दे."

त्या संध्याकाळी नानांनी पेटी माळ्यावर चढवली, कुलूप लावलं आणि चावी काजलच्या हातात न देता आधी जमिनीवर ठेवली. काजलने ती उचलली, आणि काय वाटलं कोण जाणे, पर्समधला एक रुपया तिथे ठेवला. नानांनी तो गंभीरपणे उचलून बंडीच्या खिशात टाकला.

सोमवारी सकाळी सातला दोघे निघाले. नानांची राखाडी जुनी स्कूटर. पुढे मामा, कारण चालवणार ड्रायव्हर. मागे नाना, खांद्यावर कातडी कंडक्टर-बॅग, बॅगेत चाकू, जोडीची दोन नाणी आणि जिजींनी बांधून दिलेल्या दशम्या. नानांनी मामांच्या खांद्यावर दोनदा टकटक केलं आणि गाडी सुटली. संध्याकाळपर्यंत परत, असं ठरलं होतं.

मंगळवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. नाना. "उदेसिंग घर नही शे, पाहुणपनले दुसरा पाडावर गयेल शे. आम्ही तठे जाई ऱ्हायनूत. काळजी करू नको." काळजी करू नको, हे काजलला सांगायचं! गोळ्या घेतल्यात का, हे विचारेपर्यंत फोन कटला. तो नंबर आता लागत नाही. नानांचा फोन तर रविवारपासून चार्जच केलेला नाही, चार्जर खुंटीला लटकतोय. आज गुरुवार. जिजी म्हणतात, येतील. हेमकांत म्हणतो, मोठी माणसं आहेत. नवापूरच्या पलीकडून रूथमामींचा फोन आला, त्या म्हणाल्या, "दोघं एकत्र आहेत ना, मग एक तरी शहाणा निघेल," पण त्यांचा आवाजही जरा पातळच होता.

तेव्हा काजलचं तुम्हाला एकच सांगणं आहे. धडगाव-मोलगी-काठी त्या बाजूला तुमचं जाणं होत असेल, किंवा ओळखीचं कोणी असेल, तर जरा बघा. राखाडी स्कूटर, उंच माणूस पुढे, पांढऱ्या टोपीतला बुटका मागे, आणि मागचा पुढच्याच्या खांद्यावर टकटक करत असेल. चाकू उघडला का, हे आधी विचारू नका. एकदा तो विषय निघाला की दोघे दोन तास सोडणार नाहीत. आधी विचारा, जेवलात का? नानांनी बीपीची गोळी घेतली का, ती बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. घाटात संध्याकाळनंतर गाडी चालवू नका म्हणावं. आणि तुमचा फोन त्यांच्या हातात देऊन एवढंच सांगा, की घरी लावा, काजल रागावलेली नाही.